जलपरीची आजी कुठे गेली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी परीकथांवरच्या सिनेमांबद्दल लेख आलेला, तो वाचला, दोनदा वाचला. चांगलाय लेख, मुलांना सुट्टीत काय दाखवावं त्याची माहिती आहे, फोटोपण मोठे छापलेत. पण त्यात डिस्नेच्या 'द लिटल मरमेड'बद्दल असं म्हटलंय की सिनेमा अँडरसनच्या मूळ डॅनिश गोष्टीला धरूनच आहे, फक्त शेवट तेवढा गोड केलाय. हे 'फक्त' मला काही पचलं नाही. चार दिवस तेच डोक्यात, म्हणून हे पत्र. मला मोबाईलवर टाईप करायला जमत नाही, मी बोलतेय आणि नात टाईप करतेय, त्यामुळे कुठे वाक्य लांबलं, कुठे पूर्णविराम राहिला तर सांभाळून घ्या, ती बारा वर्षांची आहे आणि तिला दर दहा मिनिटांनी आंबा कापायला उठायचं असतं.

मी सिनेमातली जाणकार वगैरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं शिक्षिका होते, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या किनाऱ्यावर, पटावरची निम्मी मुलं मासेमारीच्या घरातली. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि शेवटचा तास गोष्टीचा. आमच्या एका शाळेच्या कपाटात अँडरसनच्या गोष्टींचं मराठी पुस्तक होतं, कव्हर गेलेलं, पुढची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे भाषांतर कुणाचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यातली छोट्या जलपरीची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल त्याला हिशोब नाही. नंतर मुलाने इंग्रजी पुस्तक आणून दिलं, ते डिक्शनरी घेऊन वाचलं, तेव्हा कळलं की आमच्या वाळवी लागलेल्या पुस्तकात बरंच काही नीट आलेलं होतं.

तर या मे महिन्यात नात मुंबईहून आली आणि तिने सांगितलं की आजी तुझ्या त्या गोष्टीचा सिनेमा आहे, २०२३ चा, खऱ्या माणसांचा, कार्टून नाही. म्हटलं बघूया. वाडीतली पोरं कशी असतात तुम्हाला माहिती, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं, संध्याकाळी सातला खळ्यात, म्हणजे अंगणात, तेरा-चौदा पोरं आणि त्यांच्या दोघी-तिघी आया. टीव्ही बाहेर काढून स्टुलावर ठेवला, नातीने मोबाईलवरून काहीतरी जोडलं, सिनेमा सुरू. सव्वादोन तासांचा आहे, इंग्रजी गाणी पोरांना कळत नव्हती पण पाण्याखालचं सगळं बघून तोंडं उघडीच होती. आणि बरोबर ती चेटकीण जलपरीचा आवाज काढून घ्यायच्या जरा आधी लाईट गेली. मे महिन्यात आमच्याकडे आभाळ नुसतं गुरगुरलं तरी लाईट जाते हे तुम्हा शहरातल्यांना सांगून पटायचं नाही.

पोरं काही उठेनात. एक जण म्हणाला, "बाई, तुमका म्हायती आसा ना, सांगा मगे फुडचा." मग मी कंदील लावून सांगायला बसले. पण पुढचं कसं सांगणार, मूळ गोष्ट सुरूच वेगळ्या ठिकाणी होते, म्हणून पहिल्यापासून सांगितली.

इथे मला मुद्द्यावर यायचंय. अँडरसनच्या गोष्टीत समुद्राच्या राजाची बायको वारलेली आहे, बरीच वर्षं झाली, आणि राजवाड्याचा सगळा कारभार बघते ती त्याची म्हातारी आई. म्हणजे जलपऱ्यांची आजी. सहा नाती, आपली जलपरी सगळ्यात धाकटी, तिला गोष्टीत नावच नाही. आजी शहाणी आहे पण खानदानाचा तोरा भारी, म्हणून शेपटीवर बारा कालवं, म्हणजे ऑयस्टर, लावून मिरवते, बाकीच्या बड्या घरच्यांना सहाचीच परवानगी. हे सांगितलं की आमची पोरं दरवेळी हसतात, कारण कालवं म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही, त्यांच्या आया आणि आज्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपावर बसून तीच फोडत असतात.

वरच्या जगाची सगळी माहिती नातींना देते ती आजीच. जहाजं, गावं, माणसं, जनावरं, वर जमिनीवर फुलांना वास असतो, रानं हिरवी असतात आणि फांद्याफांद्यांतून मासे एवढ्या मंजुळ आवाजात गातात की ऐकत राहावं. मासे म्हणजे पाखरं. नातींनी पाखरू कधी बघितलेलंच नाही, पाखरू म्हटलं तर त्यांना कळणार कसं, म्हणून आजी त्यांना मासे म्हणते. मी बत्तीस वर्षं शिकवलं, बीआरसीमधली, म्हणजे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातली, ट्रेनिंगं केली, शैक्षणिक साहित्य म्हणून पुठ्ठे कापले, पण मुलाला माहीत असलेल्यावरून माहीत नसलेल्याकडे न्यायचं म्हणतात ते मला त्या एका ओळीत जेवढं कळलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगमधे नाही कळलं. वर्गात आम्ही त्याचा खेळच करायचो. मी पाखरू सांगायचं, पोरांनी मासा. घार म्हणजे मोरी, कावळो म्हणजे शिंगाळो, चिमणी म्हणजे पेडवो. एका पोराने मोराला काय म्हणावं यावरून दुसऱ्याशी मारामारी केली होती.

त्या दिवशी कंदिलातपण हाच खेळ झाला, लाईट यायला पाऊण तास लागला तोपर्यंत.

पंधरा वर्षं पूर्ण झाली की एकेकीला वर जाऊन जग बघायची परवानगी मिळते. थोरली जाऊन येते ती चांदण्यात वाळूवर पडून गावातले दिवे बघून, दुसरी सूर्यास्त आणि रानहंस बघते, तिसरी सगळ्यात धीट, ती सरळ नदीतून आत शिरते आणि एक काळं कुत्रं भुंकलं म्हणून घाबरून परत पळते. चौथी भित्री, ती भर समुद्रातच राहते आणि डॉल्फिनच्या कोलांट्या बघून येते, देवबागला बोटीतून टुरिस्ट बघतात तशा. पाचवीचा वाढदिवस थंडीत, तिला बर्फाचे डोंगर दिसतात. धाकटीची पाळी आली की आजी तिच्या केसांत पांढऱ्या फुलांचा गजरा घालते, एकेक पाकळी म्हणजे अर्धा मोती, आणि शेपटीला आठ मोठी कालवं चिकटवते. पोर म्हणते दुखतंय. आजी म्हणते, मानाने मिरवायचं तर दुखणारच.

ही ओळ आली की मला माझी आजी दिसते, इलाज नाही. माझे वडील लालबागला गिरणीत, आई त्यांच्याकडे, आम्ही तिघी बहिणी गावाला आजीजवळ. आमच्या लहानपणी किनाऱ्यावरच्या किती घरांत हेच होतं, बापाची मनीऑर्डर यायची आणि घर चालवायची आजी. ती पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतात तिथे, जायची, वाट्याला येतील ते पेडवे-बांगडे पाटीत घालून डोंगर चढून वरच्या गावात, तिथे मासळी देऊन भात आणायची. शाळेत जायच्या आधी खोबरेल तेल लावून आमच्या वेण्या एवढ्या घट्ट घालायची की भुवया वर ओढल्या जायच्या, वर सुरंगीच्या दिवसांत सुरंगीचा वळेसर. दुखतंय म्हटलं की टपली. "नटूचा तर सोसूक होया." अँडरसनच्या आजीचं आणि आमच्या आजीचं कधी बोलणं झालेलं नाही एवढं नक्की.

आता सिनेमाकडे येते. लाईट आली, पोरांनी पुढचा सिनेमा बघितला, शेवटपर्यंत. शेवटी असं आहे की एरिअल, म्हणजे जलपरी, माणूस होऊन राजपुत्राबरोबर निघते आणि तिला निरोप द्यायला समुद्रातली सगळी मंडळी पाण्याबाहेर डोकी काढून उभी राहतात, बाप असतो, बहिणी असतात, बरीच गर्दी असते. तेव्हा आमच्या शेजारची एक मुलगी, तिसरीत आहे, ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि त्या गर्दीतलं एकेक तोंड बघायला लागली. आई ओरडली तिला, डोळे खराब होतील म्हणून. ती म्हणाली, "बाई, हेंच्यात आजी खंय आसा?"

नाहीये. १९८९ च्या कार्टूनमधे नाही, २०२३ च्या सिनेमात नाही. नातीने मला दुसऱ्या दिवशी जुनं कार्टूनपण दाखवलं, मी मुद्दाम बघितलं, आजीचा पत्ता नाही. बाप मात्र हा एवढा, हातात त्रिशूळ, आवाज मोठा, मुलीने माणसांच्या वस्तू जमवल्या म्हणून तिचा सगळा खजिना फोडून टाकणारा. मूळ गोष्टीत बाप जवळजवळ मुका आहे. आहे म्हणून आहे. घरात बोलणारी बाई म्हणजे आजी, वरचं जग वाईट आहे असं ती कधी सांगत नाही, उलट तीच रंगवून सांगते म्हणून तर नातीला वेड लागतं. सिनेमात वरच्या जगाबद्दल घरातून फक्त बंदी मिळते. मग मुलीला ओढ लागते ती बंदीमुळे, आणि गोष्टीत ओढ लागते ती आजीच्या गोष्टींमुळे. एवढा फरक असताना तुमचे लेखक लिहितात फक्त शेवट बदलला.

आणि आजीचं काम कुणाला दिलंय माहितीये का, खेकड्याला. राजा खेकड्याला सांगतो पोरीवर लक्ष ठेव. आमच्याकडच्या पोरांनी त्याला लगेच कुर्ली म्हणायला सुरवात केली आणि कुर्लीचं आम्ही काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्या दिवशी दोन घरांत सार होतं. गंमतीचा भाग सोडा, तो खेकडा मला आवडला. पण घरातली म्हातारी बाई काढून तिथे बडबडा खेकडा बसवला तर तो बदल आहे का नाही?

नवीन सिनेमात तर अजून पुढे गेलेत. चेटकीण अर्सुला ही राजाची बहीण दाखवलीय, म्हणजे एरिअलची आत्या. राजपुत्राला एक आई दिलीय, राणी, त्याला दत्तक घेतलेली, चांगली बाई आहे. एरिअलच्या आईला माणसांनी मारलेलं असतं असा एक धागापण आहे. म्हणजे नातेवाईक आणायला यांची हरकत नव्हती, आत्या आणली, सासू आणली, फक्त आजीला जागा नाही झाली. आणि आपल्या सिरियलींसारखीच आत्या ती वाईटच.

बहिणींचं तेच. कार्टूनमधे एरिअल धरून सात, नव्यातही सात, एकेकीकडे एकेक समुद्र, नटूनथटून येतात आणि जातात. त्यांची नावं लक्षात ठेवायला सिनेमा एक कारण देत नाही. अँडरसनच्या बहिणी वादळ यायच्या आधी एकमेकींचे हात धरून वर येतात आणि बुडणाऱ्या जहाजांपुढे गातात, खलाशांना सांगतात घाबरू नका, खाली छान आहे, आणि खलाशांना वाटतं वारा घोंगावतोय. धाकटी राजपुत्रासाठी चेटकिणीकडून पाय घेऊन वर गेल्यावर, आणि लक्षात घ्या तिची जीभ कापलेली आहे, आवाज शिंपल्यात ठेवलेला वगैरे नाही, जीभच कापलेली, आणि प्रत्येक पावलाला सुरीवर चालल्यासारखं दुखतंय, तर ती रात्री पाय गार करायला समुद्राच्या पायऱ्यांवर येते तेव्हा या बहिणी रोज रात्री तिला भेटायला येतात.

आणि एका रात्री तिला लांब, खूप लांब पाण्यात आजी दिसते. कितीतरी वर्षांत जी पाण्यावर आलेली नाही ती म्हातारी, आणि बाजूला बाप डोक्यावर मुकुट घालून. दोघं तिच्याकडे हात पसरतात पण बहिणींसारखं किनाऱ्याच्या जवळ यायची हिंमत होत नाही.

हे मी वर्गात कधीच नीट वाचू शकले नाही. २००९ च्या नंतर तर नाहीच. त्या वर्षी नोव्हेंबरात फयान वादळ आलं, अकरा तारखेला, तुमच्या पेपरातपण पानं भरून आलेलं. मासेमारीचा भर सीझन, होड्या समुद्रात. आमच्या किनाऱ्यावर त्या रात्री पुरुष होते ते बॅटऱ्या, दोर घेऊन धावत होते आणि म्हाताऱ्या बाया होत्या त्या नुसत्या उभ्या होत्या, पाण्यात गुडघ्यापर्यंत, पदर वाऱ्याने तोंडावर येतोय, हात पुढे. हाका मारून उपयोग नव्हता, कुणाला काही ऐकूच येत नव्हतं. आमच्या शेजारची आजी सकाळपर्यंत तिथून हलली नाही, तिचा नातू तिसऱ्या दिवशी आला, खूप वर कुठेतरी लागला होता किनाऱ्याला, बोट गेली पण पोर आलं. सगळ्यांचं तसं नाही झालं. त्या डिसेंबरात मी शनिवारच्या तासाला ही गोष्ट काढलीच नाही, पोरांनीपण मागितली नाही.

आता शेवटाचं. तुमच्या लेखात शेवट 'फारच उदास' म्हणून बदलला असं आहे. मूळ शेवट असा की राजपुत्र शेजारच्या राज्यातल्या राजकन्येशी लग्न करतो, मग चेटकिणीच्या अटीप्रमाणे जलपरी दुसऱ्या दिवशी उजाडताच समुद्राचा फेस होणार, आणि त्या रात्री बहिणी जहाजाजवळ वर येतात तर पाचही जणींच्या डोक्यावर केस नाहीत. चेटकिणीला केस देऊन त्यांनी सुरी आणलीय, ही राजपुत्राच्या छातीत घाल, त्याचं रक्त पायावर पडलं की तुला परत शेपटी येईल, घरी ये, आपली तीनशे वर्षं जग. आणि त्या सांगतात, आपली म्हातारी आजी एवढं दुःख करतेय की तिचे पांढरे केस गळून गेले, जसे आमचे चेटकिणीच्या कात्रीखाली गेले. ती सुरी समुद्रात फेकते आणि स्वतः उडी घेते. आता मला सांगा, यातून आजी आणि बहिणी काढल्या की उरलं काय, एक मुलगी आणि एक मुलगा. मग तो शेवट गोड करण्याशिवाय गत्यंतरच नाही ना, कारण तिने सुरी फेकली तर ती कुणाचं देणं फेकतेय हेच बघणाऱ्याला माहीत नाही. म्हणून माझं म्हणणं की शेवट बदलला ही नंतरची गोष्ट. आजी आधी गेली, तेव्हाच शेवट गेला.

प्रामाणिकपणे एक कबूल करते. मूळ गोष्ट फेसावर संपत नाही. जलपरीला हवेच्या कन्या उचलून नेतात आणि तीनशे वर्षं चांगली कामं केली की तिला अमर आत्मा मिळणार असं असतं, शिवाय घरात चांगलं मूल दिसलं की त्यातलं एक वर्ष कमी होतं आणि वाईट मूल बघून तिला रडू आलं की एकेका अश्रूला एक दिवस वाढतो. हे शेपूट मी मुलांना कधी सांगितलं नाही. मला ते गोष्टीत हेडमास्तर शिरल्यासारखं वाटतं. म्हणजे कात्री मीपण लावलीय, फक्त डिस्नेनेच लावली असं नाही. पण मी सांगते तेव्हा कापलंय हे मला माहीत असतं, मी 'मूळ गोष्टीला धरून' असं म्हणत नाही.

सिनेमा वाईट आहे असं बिलकुल नाही. एरिअल झालेली हॅली बेली गाते तेव्हा खळ्यातली पोरं गप्प झाली होती, भाषा कळत नसताना, आणि आमची पोरं गप्प होणं सोपं नाही. नव्यात शेवटी अर्सुलाला मारायला जहाज स्वतः एरिअल फिरवते, जुन्यात ते राजपुत्र करायचा, हा बदल मला आवडला, तांडेल, म्हणजे होडी चालवणारी, पोरगी म्हणून पोरींनी टाळ्या वाजवल्या. जुन्या कार्टूनच्या संगीताला आणि गाण्याला ऑस्कर आहे, ते गाणं नात दिवसभर म्हणते, पाठ झालंय मलापण.

या सिनेमाचा ट्रेलर आला तेव्हा जे भांडण झालं तेपण नातीने दाखवलं. जलपरी काळी कशी. अँडरसनने तिची कांती गुलाबाच्या पाकळीसारखी आणि डोळे निळे लिहिलेत वगैरे वगैरे, आपल्याकडची मराठी माणसंपण त्यात, ज्यांच्या स्वतःच्या सात पिढ्या उन्हात रापल्यात. कमरेखाली मासा असलेल्या बाईचा कमरेवर रंग कोणता पाहिजे यावर जगभर लोक महिनेच्या महिने भांडले. मूळ गोष्टीचा एवढा कळवळा होता तर त्यातल्या एकाने तरी विचारायचं होतं की बारा कालवंवाली म्हातारी कुठाय. कुणी विचारलं असेल तर माझी माफी, मला दिसलं नाही. विचारलं ते आमच्या तिसरीतल्या पोरीने.

ही गोष्ट १८३७ च्या एप्रिलमधे कोपनहेगनला एका छोट्या पुस्तिकेत आली, त्याच पुस्तिकेत राजाचे नवे कपडे पण होती. अँडरसनचा बाप चांभार, आई लोकांचे कपडे धुणारी, आणि त्याची आजी त्यांच्या गावी, ओडेन्समधे, वेड्यांच्या इस्पितळाच्या बागेत काम करायची. तो तिच्याबरोबर तिथे जायचा आणि तिथल्या सूत कातायच्या खोलीत गरीब म्हाताऱ्या बाया बसलेल्या असायच्या, त्यांच्याकडून गोष्टी ऐकायचा, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे जलपरीला वरच्या जगाच्या गोष्टी सांगायला त्याने आजी का बसवली याचं उत्तर लांब शोधायला नको. कोपनहेगनला बंदरात त्या जलपरीचा पुतळा आहे, १९१३ चा, बिअरच्या कारखानदाराने करून घेतलेला, सव्वा मीटरचा, लोक तो बघायला विमानाने जातात, १९६४ साली कुणीतरी त्याचं डोकं कापून नेलेलं. तिथेपण ती एकटीच बसलीय दगडावर.

आणि सिनेमात म्हातारी चालत नाही, पैसे वसूल होत नाहीत असं कुणी म्हणालं तर तेपण खरं नाही. जपानी मियाझाकी यांचा 'पोन्यो', २००८ चा, नातीनेच दाखवला. तोपण याच गोष्टीवरून सुचलेला, बराच बदललेला, त्यात मासा-मुलगी पाच वर्षांच्या पोराकडे येते. त्यात मुलाची आई वृद्धाश्रमात काम करते आणि तो मुलाच्या शाळेला लागूनच आहे, त्या व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्यांना सिनेमात मोठं काम आहे, एक तर एवढी खवचट आहे की मला आमच्या वाडीतल्या दोघी आठवल्या, नावं नातीला टाईप करू दिली नाहीत. मूळ गोष्टीतली एक ओळ त्यात जशीच्या तशी नसेल पण म्हाताऱ्या आहेत, समुद्र खवळतो तेव्हा त्या आहेत. तोच सिनेमा गोष्टीला जास्त धरून आहे असं मी म्हणेन, तुमचे लेखक हसतील. जपान्यांनीच १९७५ साली कार्टून केलंय ज्यात ती शेवटी फेसच होते. म्हणजे पोरांना शेवट झेपत नाही हेपण सगळीकडे खरं नाही.

आमच्या खळ्यातल्या पोरांना झेपला. कंदिलात मी फेसापर्यंत सांगितलं तेव्हा एक मिनिट कोणी बोललं नाही, मग एकाने विचारलं बहिणींचे केस परत आले का. दुसऱ्याने विचारलं सुरी कुणाला सापडली. तिसरीतल्या मुलीने काहीच विचारलं नाही, तिने नंतर टीव्हीत जाऊन शोधलं.

माझी विनंती एवढीच की त्या लेखातल्या 'फक्त'बद्दल दोन ओळी छापा. आणि जमलं तर सुट्टी संपायच्या आत मुलांच्या पानावर मूळ गोष्ट येऊ द्या, तुकड्यातुकड्याने का होईना. मी इंग्रजीवरून हाताने उतरवून काढलेली आहे, एकवीस फुलस्केप कागद, नात म्हणते फोटो काढून पाठवूया, पण कागद पाठपोट लिहिलेत आणि शाई पलीकडून दिसते, मी पोस्टानेच पाठवते.

पत्र लांबलंय ते दिसतंय मला. छापताना जागा नसेल तर खुशाल कापा. पुतळ्याचं कापा, ऑस्करचं कापा, माझ्या वेण्यांचं कापलं तरी चालेल. आजीचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग